पेन्सिलीतले आक्षेप

२८ जानेवारी, मंगळवार

दोन वर्षांनी डायरी उघडली. आज हातात आलेलं पत्र कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, आणि ज्याला दाखवायचं तो माणूस नाही.

पत्र आमच्याच कॉलेजचं. एम.ए. तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाचा 'संत थॉमस अक्वायनस' हा पेपर जूनपासून बंद करून त्या जागी 'उद्योग आणि नीती' आणण्याचा विचार आहे. संबंधित प्राध्यापिकेने, म्हणजे मी, आपलं म्हणणं पंधरा फेब्रुवारीपर्यंत लेखी द्यायचं. अभ्यास मंडळाची बैठक पाच मार्चला. खाली उपप्राचार्य विश्वजित सरांची सही. आज थॉमसचा सण आहे हे त्यांना माहीत असण्याचं काही कारण नाही.

एकोणीस वर्षं मी हा पेपर शिकवते आहे. थॉमस म्हणजे तेराव्या शतकातला इटलीचा एक साधू. अंगाने आडवा, बोलायला कमी. बरोबरची मुलं त्याला मुका बैल म्हणायची. आमच्या मुलांना वाचता येईल असं मराठीत मला काही सापडेना, म्हणून मीच टिपणं लिहायला घेतली. अठ्ठावीस पाठ ठरवले. मी हाताने लिहायचे आणि सोमनाथ टाइप करायचा. माझा नवरा इंजिनिअर. तत्त्वज्ञानाशी त्याचा संबंध फक्त माझ्यापुरता. पण टाइप केलेल्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. 'मला पटत नाही. — सो.' आणि का पटत नाही ते दोन ओळींत. मी चिडायचे, तो चहा टाकायचा, मग मी उत्तर लिहायचे.

पंधरा पाठ झाले आणि त्या नोव्हेंबरात तो गेला. चौदा महिने झाले. फाइल कपाटात आहे. पंधराव्या पाठाचा त्याने टाइप केलेला कागद मी अजून पाहिलेला नाही.

हा पेपर मी जाऊ देणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या सकाळी विचार बदलायला नको.

३० जानेवारी, गुरुवार

वर्गात पत्राचं बोलले नाही. सातही जण आले होते. कडुबासुद्धा, बिडकीनच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून. एकतीस वर्षांचा आहे, घरी दोन मुली, आणि वर्गात सगळ्यांत जास्त भांडतो.

थॉमसच्या सिद्धांतांपेक्षा मला त्याची रीत आवडते. कुठलाही प्रश्न घेतला की तो आधी विरुद्ध बाजू मांडतो. 'असे दिसते की देव नाही.' का, तर जगात एवढं वाईट आहे, आणि जे घडतं त्याचा उलगडा देवाशिवायही होतो. हे सगळं तो प्रामाणिकपणे लिहितो, दुबळं करून नाही. मग स्वतःचं म्हणणं, आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर.

"मॅडम, हे माझ्या मामानं लिहिल्यावानी वाटायलंय," कडुबा म्हणाला. "आमचा मामा पक्का नास्तिक हाय. हा साधूच होता ना नक्की?"

माझ्या वर्गाचा नियम तिथूनच आला. समोरच्याचं म्हणणं आपण असं मांडायचं की तोच म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचंय. तोवर उत्तर द्यायचं नाही. आज निशाने कडुबाचं म्हणणं तीनदा मांडलं. तीनही वेळा तो म्हणाला, "नाय, असं नाय म्हणलो मी." चौथ्यांदा मात्र म्हणाला, "व्हय. माझ्यापेक्षा बरं म्हणलीस. आता मला माझं खरं वाटायलं, तू कशी खोडणार?"

सगळे हसले. हे कुठल्या 'उद्योग आणि नीती'त मिळणार आहे?

२ फेब्रुवारी, रविवार

आज नळाचा दिवस. आमच्या सिडकोत आठ दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी घरावर सासूबाईंचं राज्य असतं. द्वारकाबाई, वय चौऱ्याहत्तर, लासूर स्टेशनजवळच्या शेतावरून त्या सोमनाथच्या दहाव्याला आल्या त्या इथंच राहिल्या. मी त्यांना आई म्हणते. ड्रम, टाकी, हंडे, पातेली, काय आधी भरायचं याचा त्यांचा क्रम ठरलेला आहे.

शेवटी निळी बादली. ती सोमनाथच्या आंघोळीची. मागच्या खेपेचं पाणी त्या लिंबाच्या झाडाला घालतात, बादली घासतात आणि पुन्हा काठोकाठ भरून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवतात. ते पाणी कुणी वापरत नाही.

"आई, एक बादली उगाच अडकून पडते," मी आज म्हटलंच.

"पडू दे. तुझं काय जातंय?"

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. अशा गोष्टींना धरून बसून काय होतं ते मला कळत नाही. मी तरी पुढे बघायचं ठरवलंय.

जेवताना त्यांना पत्राबद्दल सांगितलं. "त्या बैलबाबाचं बंद करायलेत व्हय?" त्या म्हणाल्या. मला आश्चर्य वाटलं. "सोमा सांगायचा की फोनवर. म्हणायचा, आई, आज त्याची एक चूक काढली म्या."

९ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर कागद कोराच होता. 'मा. उपप्राचार्य यांस, विनंती की' या पलीकडे जाईना. विनंती करायची सवय नाही आणि हक्क सांगायला जोर नाही.

आज सकाळी सुचलं. थॉमससारखं लिहायचं. शीर्षक: 'संत थॉमसचा पेपर चालू ठेवावा काय?' पहिली ओळ: 'असे दिसते की चालू ठेवू नये.'

मग आक्षेप लागले. चांगले आक्षेप. मी फाइल काढली. पहिला पाठ, दुसरा पाठ, सगळीकडे पेन्सिल. दुसऱ्या पाठावर लिहिलंय: 'तुला लॅटिन येत नाही. इंग्रजी भाषांतराचं तू मराठी करतेस. आपण थॉमसशी बोलतोय की मधल्या माणसाशी? — सो.' सहाव्यावर: 'देव आहे याचे पुरावे कुणासाठी? मानणाऱ्याला नकोत, न मानणाऱ्याला पुरत नाहीत. — सो.' नवव्यावर: 'तुझ्या वर्गात यंदा किती जण? खरं सांग. — सो.'

तिन्ही घेतले. नीट भाषेत मांडले, कुठेही पातळ केले नाहीत. पहिलं पान आक्षेपांनीच भरलं. मग सहा पानं उत्तरं. बुद्धी आणि श्रद्धा एकमेकींच्या शत्रू नाहीत हे थॉमसने कसं दाखवलं, आणि आज इथं, जिथं दुसऱ्याचं पुरतं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही, तिथं ही रीत का शिकवायची. चौथ्या पानावर मी मोठ्याने म्हटलं, "आता बोल." खोलीत कुणी नव्हतं.

दुपारचं जेवण राहून गेलं. आईंनी दोनदा हाक मारली म्हणे. कित्येक महिन्यांत दिवस इतका चांगला गेला नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सात पानं दिली. पोच घेतली. क्लार्क म्हणाला, "मॅडम, एवढं? बाकीचे अर्धं पान देतात." मला अभिमान वाटला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बैठकीची विषयपत्रिका आली. मुद्दा चौथा, जसाच्या तसा उतरवते:

'सदर पेपर चालू ठेवू नये असे संबंधित प्राध्यापिकांनीही लेखी कळविले आहे. कारणे: (१) विद्यार्थिसंख्या अत्यल्प. (२) मूळ लॅटिन ग्रंथांचे वाचन शक्य नाही. (३) विषयाची उपयुक्तता संशयास्पद.'

मी तीनदा वाचलं. मग तशीच विश्वजित सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हे मी म्हटलेलं नाही."

त्यांनी माझंच पान माझ्यापुढे सरकवलं. "असे दिसते की चालू ठेवू नये. तुमचंच अक्षर ना, मॅडम?"

"ती मांडणी आहे! पुढे उत्तरं आहेत. सहा पानं!"

"पुढची पानं," ते म्हणाले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं सांगू? नाही वाचली. चाळीस पेपरांचं बघतोय. टिपणी करणाऱ्यानं पहिलं पान घेतलं. मला वाटलं, तुम्हीही आता... हे मागच्या वर्षीच व्हायचं होतं. मी तेव्हा विषय काढला नाही."

वर्षभर कशासाठी थांबले होते कुणास ठाऊक. मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले की बैठकीत मला बोलायचं आहे. ते म्हणाले, "या ना. जरूर या."

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिलं पान मागे घेण्याचं पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं.

आईंना सगळं सांगितलं. आक्षेप कुणाचे होते तेही. त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "म्हंजी सोमानंच बंद पाडला म्हण की!"

मलाही हसू आवरेना. दोघी ओट्याला टेकून हसत होतो. मग त्या एकदम उठल्या, म्हणाल्या पीठ मळायचंय, आणि पाठ फिरवून बराच वेळ मळत बसल्या. पीठ दोन माणसांपुरतंच होतं.

एक गोष्ट डायरीत तरी कबूल करायला हवी. आज सातही पानं परत वाचली. आक्षेप माझ्या उत्तरांपेक्षा बरे लिहिलेत. उत्तरांत मी विनवणी करते आहे. आक्षेपांत कुणी तरी जिवंत माणूस बोलतो आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अभ्यासक्रमाप्रमाणे पंधरावा पाठ आज घ्यावाच लागला. माझ्या हाताने लिहिलेल्या जुन्या कच्च्या कागदांवरून घेतला.

विषय: दुःख कशाने हलकं होतं. थॉमससारख्या जड माणसाने हा प्रश्न घेतला याचं मुलांना नेहमी नवल वाटतं. मी सांगितलं की तो पाच उपाय देतो. कुठलाही लहानसा आनंद. मित्रांचा आधार, कारण ओझं वाटून घेतल्यासारखं होतं. सत्याचं चिंतन. झोप आणि आंघोळ.

आंघोळीला वर्ग हसतोच. कडुबा म्हणाला, "मॅडम, त्या बाबाला म्हणावं सिडकोत येऊन राहा. आठ दिसाला पाणी आलं की मंग सांग आंघोळीचं!"

हसू थांबल्यावर निशाने हात वर केला. "मॅडम, पाच म्हणालात. चारच झाले."

"झोप आणि आंघोळ वेगवेगळे धर."

"पण तुम्ही एकत्र सांगितलेत. आणि मी वाचून आलेय, ते एकत्रच आहेत." तिने वहीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. "बहुतेक माझंच चुकलं असेल, मॅडम."

तास लवकर सोडला.

१ मार्च, शनिवार

सोडलेला उपाय रडणं. एकोणीस वर्षं शिकवलेलं कसं विसरले? वय झालं.

थॉमस त्याला दुसरा क्रमांक देतो. आत कोंडून ठेवलेलं जास्त दुखतं, कारण मन त्याच्याभोवतीच फिरत राहतं. बाहेर आलं की मन मोकळं पसरतं. सोपं आहे. मुलांना गुरुवारी सांगून टाकायचं.

टाइप केलेल्या पाठात तो उपाय आहे का, ते बघायला फाइल उघडली. पंधरावा पाठ. त्याने टाइप केलेली साडेतीन पानं, मग कोरं. शेवटच्या पानाच्या कडेला पेन्सिल:

'आंघोळीने दुःख कमी होतं? हे सांगायला संत कशाला पाहिजे? मला पटत नाही. — सो.'

याला मी उत्तर लिहिलं नव्हतं. हा कागद मी आजवर उघडलाच नव्हता.

फाइल बंद केली. मागे घेण्याचं पत्रही फाडलं. पहिलं पान मी मागे घेणार नाही. ते खरं आहे. खऱ्या गोष्टीला घाबरून थॉमसचा बचाव करायचा असेल तर तो न केलेला बरा.

५ मार्च, बुधवार

आज बैठक. पाच सदस्य, विश्वजित सर अध्यक्ष. पैठणहून निवृत्त प्राध्यापक लक्ष्मण सर बाहेरचे सदस्य म्हणून आले होते, एसटीने, कापडी पिशवी घेऊन.

मला पाच मिनिटं दिली. मी म्हणाले, "पहिलं पान माझंच आहे. मागे घेत नाही. पण ते अर्धं आहे. आधी मला सांगा, ते तरी नीट मांडलंय का? तुमचं म्हणणं हेच ना? काही राहिलं?"

एकमेकांकडे बघितलं त्यांनी. कुणी तरी म्हणालं, "हेच की. आमच्यापेक्षा चांगलं लिहिलंय."

मग मी उत्तरं दिली. विनवणी न करता. संख्येचं उत्तर दिलं, पुराव्यांचं दिलं. थॉमसच्या मते बुद्धी एका ठिकाणापर्यंत जाते आणि तिथं प्रामाणिकपणे थांबते. ते थांबणंच शिकवायचं असतं, असं म्हणाले. लॅटिनपाशी आल्यावर मात्र म्हणाले, "हा आक्षेप टिकतो. याला उत्तर एकच, शिकणं."

विश्वजित सर म्हणाले, "एक राहिलं, मॅडम. तुमच्या पानावर नाही ते. तुमच्यानंतर हे कोण शिकवणार? हा पेपर आता एका माणसानं जपून ठेवलेला आहे. जपून ठेवलेलं वापरात राहत नाही."

मला एकदम निळी बादली आठवली. का, ते माहीत नाही.

हा आक्षेप सोमनाथने लिहिला नव्हता. मी वही काढून तो उतरवून घेतला. म्हणाले, "याचं उत्तर आज माझ्याकडं नाही."

"चाळीस वर्षांत," लक्ष्मण सर म्हणाले, "बैठकीत उत्तर नाही म्हणणारा प्राध्यापक पहिल्यांदा पाह्यला."

मत झालं. तीन विरुद्ध दोन. पेपर बंद.

'उद्योग आणि नीती' मी घेईन का, असं विचारलं त्यांनी. मी म्हणाले, घेईन, एका अटीवर. पहिला महिना फक्त विरुद्ध बाजू मांडायला शिकवेन. हवी तर टिपणीत लिहा, आणि या वेळी पूर्ण वाचा. विश्वजित सर पहिल्यांदा हसले. अट मान्य.

जिन्यात ते मागून आले. "तो लॅटिनचा मुद्दा सोमनाथरावांचा ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पार्किंगमध्ये तुमची वाट बघत उभे राहायचे. दर वेळी मला तेच. सर, हिला लॅटिन शिकायला पाठवा, म्हणजे माझा एक आक्षेप कमी होईल." मग म्हणाले, "माझं मत विरुद्धच होतं, मॅडम. पण मागच्या वर्षी मला ते टाकवलं नसतं."

आता कळलं ते वर्षभर कशासाठी थांबले होते.

६ मार्च, गुरुवार

मुलांना सांगितलं. पेपर बंद, तुम्ही शेवटचे. पाठ मात्र अठ्ठावीसही होणार. उरलेले तेरा मी लिहिणार, आणि प्रत्येक पाठ आधी तुमच्याकडे येणार. पेन्सिल घेऊन बसायचं. जे पटणार नाही ते कडेला लिहायचं, खाली नाव.

"लई लिहीन मी," कडुबा म्हणाला. "मागून रडू नका."

"रडले तर तो दुसरा उपाय," मी म्हटलं, आणि राहिलेला उपाय सांगून टाकला. निशाने वही उघडली आणि चारांच्या मध्ये पाचवा लिहिला. जागा तिने सोडून ठेवली होती.

छावणीतल्या चर्चमध्ये एक वृद्ध फादर आहेत, पूर्वी लॅटिन शिकवायचे. फोन केला. म्हणाले, सोमवारपासून या, वयाचं काही नाही, मी ब्याऐंशीचा आहे.

घरी आले तर नळ येऊन गेला होता. आईंनी सगळं भरलं होतं. मी बैठकीचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तोंड बग कसं झालंय तुझं. जा, आंघोळ कर."

न्हाणीत गेले. निळी बादली मधोमध होती, स्टुलाशेजारी, वाफाळलेली. त्यांनी तिच्यात कढत पाणी ओतून ठेवलं होतं.

"आई, ही?"

"व्हय, तीच," दाराबाहेरून आवाज आला. "आन् काटकसर नको करू. सगळी वापर."

साबण डोळ्यांत गेला असावा. बराच वेळ थांबेना. बाहेर आई कशाला तरी भांडी आपटत होत्या, गरजेपेक्षा जास्त जोराने. बादली रिकामी झाली तेव्हा बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या.

आता फाइल पुढ्यात आहे. पंधरावा पाठ, शेवटचं पान. त्याच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं:

'आक्षेपाला उत्तर: होतं. थोडं. पाणी आलेलं असेल तर. — नी.'

उद्या सोळावा पाठ.